आखूड पिन

सेलू, ९ जानेवारी १९९१

अक्का,

‘पत्र लिहिण्यास कारण की’ हे पेडगावच्या गुरुजींनी आपल्याकडून घोटून घेतलं होतं. मला कारण कधी ध्यानात राहत नाही, आणि राहिलं तर पत्र राहून जातं. या वेळी दोन्ही जमलं. तू सांगितलंस तसं हे कमलबाईंच्या बालवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. बोरीत तुमच्या घरी टाकलं की तुझे सासरे दिनकरराव ते ढाळजेत बसून चार माणसांत मोठ्यानं वाचतात. सुनेच्या भावाचं पत्र सासऱ्यानं वाचायचं, ही कुठली रीत? ओकारी येते मला.

मी सध्या सेलूला आहे, दत्तराव मास्तरांच्या बँडमध्ये. जिनिंगच्या मागं एक खोली आहे, तिच्यात आम्ही पाच जण आणि एक मोठा ढोल. ढोल मधोमध झोपतो. सरकीचा वास नाकात असा बसलाय की चहा प्यालो तरी सरकीच पितोय असं वाटतं. कापसाच्या गाड्यांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत गेलीय आणि काल त्यातल्या एका बैलानं... जाऊ दे, ते नंतर.

तर तू मागितलेला हेडफोन. ऑर्केस्ट्राचा मालक नांदेडातून पळून गेला तेव्हा पगाराच्या बदल्यात मी त्याचा कॅसिओ कीबोर्ड उचलला आणि दिवाळीला तुझ्याकडं आणून ठेवला. मला वाटलं तू त्याच्यावर उशा रचशील. तू तर वाजवायला लागलीस. दुपारी पुरुषमाणसं शेतात गेली की आवाजाची कळ पार खाली ओढायची आणि कान डब्याला टेकवून वाजवायचं. हे तू सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. आता येत नाही हसू. शाळेत प्रार्थनेला पेटी तू वाजवायचीस. सा कुठं असतो ते मला तू दाखवलंस. आता मी गावोगाव वाजवत हिंडतोय आणि तू चोरासारखी डब्याला कान लावून बसतेस.

दिनकररावांचं म्हणणं मला पाठ आहे. दिवाळीला माझ्या तोंडावर म्हणाले होते, “पाहुणे, वाजवणारे दारात उभे राहतेत, घरात बसत न्हाईत.” सून वाजवताना दिसली तर आधी कॅसिओ बाहेर, मग सून माहेरी, हेही बोलले. आणि दाजी तिथंच बसून सुपारी कातरत होते.

म्हणून हेडफोन लागतो. त्याची पिन भोकात खुपसली की कॅसिओचं तोंड बंद, आवाज फक्त तुझ्या कानात. आज स्टँडसमोरच्या टपरीवर पाहिले. वॉकमनचे आहेत. तारेची कमान, दोन्हीकडं नारंगी स्पंज. कानाला लावला आणि काढला तर स्पंज माझ्या कानातच राहिला. टपरीवाला म्हणतो, “इस्पंज का क्या है भाई, घर जाके चिपका लेव.” असला घ्यायचा नाही. तूप विकून तू साठवलेले पैसे माझ्याकडं जपून आहेत. घाई करणार नाही.

बन्सी


सेलू, २६ जानेवारी १९९१

अक्का,

तू विचारलंस, अजून का नाही? अगं, निवडायचं म्हणजे खेळ नाही. दत्तराव मास्तर क्लॅरोनेट वाजवतात, पण त्यांना सगळ्या वाजणाऱ्या वस्तूंची नाडी कळते. त्यांना विचारलं.

मास्तर म्हणाले, “वॉकमनचं ऐकायसाठी असतंय, वाजवायसाठी न्हाई. कानावर नुसतं टेकतंय. तुझ्या बहिणीला सगळा कान झाकणारं पायजे. दुसरं, जड नको. वाजवणाऱ्याची मान खाली असतीय, घंटाभरात मोडंल. तिसरं, घ्यायच्या आधी डाव्या हाताचा खर्ज दाबून बघ. खर्ज फाटला की समजायचं, डबडं हाय. आन् पिन बघ बाबा. तुझ्या कॅसिओचं भोक मोठं हाय, त्याला जाड पिन लागती.”

मी म्हणालो, “मास्तर, तुमच्या घरातल्या बाया वाजवतेत का?”

“न्हाई.”

“कामून?”

“कारण पोटासाठी वाजवणारे आमी हाव. आन् तुमच्या घरातल्या बाया वाजवत न्हाईत, कारण पोटासाठी वाजवणारे आमी हाव. घे आता.” असं म्हणून ते फडकं घेऊन क्लॅरोनेट पुसायला बसले. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे बाजारातल्या रेडिओच्या दुकानात गेलो. तिथं कान झाकणारा एक होता, पण नमुन्याचा. सगळ्या सेलूनं लावून पाहिलेला. गाद्या खोबरेल तेलानं काळ्या पडलेल्या, आत कोणाचे तरी केस, आणि एका गादीवर पिवळं काहीतरी वाळलेलं. मी दुकानदाराला म्हणालो, पुसा तरी. त्यानं स्वतःच्या बनियनला पुसला आणि परत माझ्यापुढं धरला. बनियन आधी धुवा म्हणालो. भांडण झालं.

खरा माल परभणीला आहे. मास्तरांच्या ओळखीचं दुकान आहे, काचेच्या कपाटात बंद डब्यातला हेडफोन. हलका, कान झाकणारा, वर जाड पिन फिरवून बसवलेली. भाव विचारून घेतलाय, तुझ्या पैशात बरोबर बसतो. उरत काही नाही, पण बसतो. पुढच्या आठवड्यात जातो. तोवर वाजवू नकोस. कळ खाली ओढून पण नको.

बन्सी


परभणी, ७ फेब्रुवारी १९९१

अक्का,

काम झालं! हेडफोन जिंतूर गाडीच्या कंडक्टरकडं दिलाय, कमलबाई स्टँडवरून घेतील.

दुकानातला तो बंद डब्यातला माल संपला होता. मग उरसात हिंडताना एक रेडिओ दुरुस्तीवाला भेटला, त्याच्याकडून घेतला. वापरलेला आहे, पण मोठा, कान पुरा झाकतो. मी स्वतः स्पिरिटनं गाद्या पुसल्यात. थोडा जड आहे. पिन त्यानं जोडून दिली.

उरूस म्हणजे काय गर्दी सांगू! धूळ, तळलेल्याचा वास, माणसाच्या अंगावर माणूस, आणि पाळण्यातून कोणीतरी खालच्या लोकांवर ओकलं. तरी लोक हसायलेत. एक मौत का कुआँ होता. लाकडी विहिरीत मोटरसायकल भिंतीवरून गोल फिरते, वरून बघणाऱ्यांच्या हातातून नोटा घेऊन जाते. तो पोरगा माझ्यापेक्षा लहान असेल. हात सोडून चालवत होता. मी त्याच्याशी बोललो, त्याचं गाव... ते राहू दे.

पिन पूर्ण आत दाबत जा. जोर लावून. आणि वाजवताना मधल्या घरात बस, रस्त्याकडच्या खोलीत नको.

बन्सी


मानवत, २० फेब्रुवारी १९९१

अक्का,

तुझं पत्र मास्तरांनी आणून दिलं. मी ते खिशात घेऊन फिरतोय. तू लिहिलंस, ‘आवाज बारीक येतो, म्हणून कळ वरपर्यंत सरकवली, आता सुरेख ऐकू येतं. आज लग्नानंतर पहिल्यांदा मन भरून वाजवलं. चुकलं तरी कुणाला कळत नाही, त्यामुळं चुकायलाही बरं वाटतं.’

बरं वाटलं वाचून.

पण कळ एवढी वर नेत जाऊ नको. कान बिघडतात. मधे ठेव. मधेपेक्षा खालीच ठेव. आणि खिडकीला जाड चादर टाक. दार लावून घेत जा. दुपारी तुमच्या गल्लीत कोण कोण असतं? असंच विचारतोय.

लग्नं सुरू झालीत. काल मंडपात आम्हांला सगळ्यात शेवटी, उकिरड्याच्या बाजूला बसवून जेवायला दिलं. बुंदी संपली होती, पाक होता. नवरदेवाचा मामा पत्रावळीवर पाक ओतायला आला तो इतक्या वरून ओतायला लागला की माझ्या बाहीवर पडला. हात लागू नये म्हणून वरून. मास्तर खाली मान घालून जेवले. मी उठलो तर म्हणाले, “बस खाली. तू आज उठशील, तुझं नवं हाय. आमी किती पिढ्या उठायचं?” बाहीवर आजपण मुंग्या येतात.

मला पत्र लिही. लगेच लिही. सगळं ठीक आहे एवढंच लिही.

बन्सी


सेलू, १२ मार्च १९९१

अक्का,

पार्सल आलं. तू पत्र टाकलं नाहीस, नुसता हेडफोन. गादीत तुझा एक लांब केस अडकलेला आहे. तो मी काढलेला नाही.

सोबत कमलबाईंची चिठ्ठी होती, त्यामुळं काय झालं ते मला कळलं. एकोणीस दिवस तू मधल्या घरात पाठ फिरवून, कान झाकून वाजवत होतीस, आणि एकोणीस दिवस कॅसिओ बाहेरही तेवढ्याच मोठ्यानं वाजत होता. सगळी गल्ली ऐकत होती. शेजारची सरजाबाई भिंतीला टेकून गोधडी शिवायला बसायची. तुझी सासू ओसरीवर ज्वारी निवडायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, “रेडिव हाय.” कुणी तुला बोललं नाही. मग दिनकरराव खळ्यावरून दुपारीच पोती न्यायला आले. तुझ्या मागं येऊन उभे राहिले, तुला चाहूल नाही. त्यांनी डोक्यावरून हेडफोन ओढला आणि म्हणाले, “साऱ्या गावाला ऐकवायलीस?” तू म्हणालीस, “मामंजी, कुणालाच ऐकू येत न्हाई.”

कमलबाईंनी लिहिलंय की त्यावर दिनकररावांनी एक पट्टी दाबली. आणि तू ऐकलंस.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तू हे पत्र चुलीत घाल, पण वाच.

दुकानातला माल संपला नव्हता. मी दुकानात गेलोच नाही. स्टँडवर उतरलो आणि उरूस दिसला. म्हणलं एक चक्कर टाकू. तो मौत का कुआँ मी तीनदा पाहिला. त्या पोराच्या हातात नोट देताना सगळे माझ्याकडं बघतात याचं मला बरं वाटत होतं. त्याला जेवू घातलं. एक शर्ट घेतला, तो धुण्यात विटला. संध्याकाळपर्यंत तुझे तुपाचे पैसे अर्धे उरले, आणि मग मी दुरुस्तीवाला शोधला.

त्यानं मला फसवलं नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यानं साफ सांगितलं होतं, “पिन आखूड है मियाँ. अंदर की पत्ती नहीं ढकलती. कान में बी बजेगा, डब्बे में बी बजेगा. पतली आवाज आएगी, सो अलग.” मी ऐकलं. जिंतूरची गाडी लागली होती, कंडक्टर शिट्टी मारत होता. मी म्हणालो, चालेल.

चालेल म्हणालो, अक्का! तुझ्या वतीनं.

आणि तू कळ वर सरकवल्याचं लिहिलंस तेव्हाही मला कळलं होतं. तेव्हा एका ओळीचं पत्र पुरलं असतं, ‘वाजवू नको, बाहेर ऐकू येतं.’ मी तुला चादर टाकायला सांगितलं. बुंदीचं लिहिलं. दुसऱ्यांची घाण दाखवायला मला दोन पानं पुरत नाहीत. त्या सेलूच्या दुकानदाराच्या बनियनपेक्षा मी घाण आहे.

मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही. म्हणाले, “माणूस चुकून वाजवतंय तवा त्याला एकटं ऱ्हाऊ द्यावं लागतंय. तेवढंच मागितलं होतं तिनं.”

बन्सी


बोरी, बालवाडी, ४ एप्रिल १९९१

अक्का,

तू या क्षणी शंभर पावलांवर आहेस आणि मी पत्र लिहितोय. तुझ्याशी समोरासमोर बोलायची मला लाज वाटते, आणि सकाळी तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. ते बरोबरच केलंस.

पण सकाळचं तुला अर्धंच दिसलं, म्हणून सगळं लिहितो.

मला कमलबाईंनी कळवलं होतं की कॅसिओ गोठ्यात टाकलाय. मला वाटलं होतं उंदरांनी कुरतडला असेल. येतो तर काय, ढाळजेत बाजेवर, खाली तू विणलेला रुमाल, त्यावर कॅसिओ! दिनकरराव जिंतूरच्या दोन पाहुण्यांना दाखवत होते. त्यात एक बटण आहे, दाबलं की कंपनीनं भरलेलं गाणं आपोआप वाजतं. ते दाबायचं, हात वर करायचे आणि म्हणायचं, “बघा, कुणी हात लावायलं का? कुणीच न्हाई.” पाहुणा विचारतो, जपानी हाय का? हे मान डोलवतात. गाणं संपलं की परत बटण. म्हणजे घरात वाजलेलं चालतं. वाजवणारं माणूस तेवढं नको.

मग तू चहा घेऊन आलीस. पदर कपाळापर्यंत. ताट दोन्ही हातांनी धरलेलं, आणि ताटाखाली तुझी बोटं हलत होती. त्या बटणातल्या गाण्याच्या पुढं जात होती, मागं राहत होती, चुकत होती. फक्त मला दिसलं.

“या कलाकार,” दिनकरराव म्हणाले. “तुमच्या डबड्याचं आमी सोनं केलं बघा.”

मी असा माणूस आहे की चहा पिऊन निघून गेलो असतो. तुला माहीत आहे. पण बशी खाली ठेवली आणि म्हणालो, “मामा, कॅसिओ माझा हाय. न्यायला आलोय.”

“दिवाळीपासून हितं पडलाय, तवा आठवला न्हाई?”

“न्हाई आठवला. चुकलंच माझं.”

दिनकररावांनी पाहुण्यांकडं बघितलं. दाजी पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. “न्या, न्या,” दिनकरराव म्हणाले, “घरातली कटकट गेली.” आतून तुझी सासू ओरडली, “ने रं बाबा! कान किटले आमचे त्या डब्यानं!” इतक्या जोरात ओरडली की पाहुणेही हसले. तू तोवर आत गेली होतीस.

पुढचं तुला माहीत नाही. मी गोठ्याच्या बाजूनं निघालो तर तुझ्या सासूबाई, धुरपतामावशी, कडब्याच्या आडून पुढं आल्या. पदराखालून अ‍ॅडाप्टर काढला, तार नीट गुंडाळलेली.

“ही राहिली होती,” म्हणाल्या. “शेलवर किती दिस चालंल?”

मी तो खिशात टाकला.

“कुठं ठेवायलास?”

“बालवाडीत, मावशी.”

“हूं. गिरणी समोरच हाय तिच्या.” आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तिला दळण घेऊन धाडीत जाईन. गिरणीत गर्दी असती. घंटा घंटा नंबर लागत न्हाई.” जाता जाता परत वळल्या. “सरजी रोज विचारायलीय, रेडिव कामून बंद झाला म्हणून.”

तर आता कॅसिओ बालवाडीच्या कपाटावर आहे. पिंपाशेजारी नाही, भिंतीला ओल नाही, पाहिलं. मी परभणीच्या त्या दुकानातला बंद डब्यातला हेडफोन आणलाय. माझ्या वाजवण्याच्या कमाईतला आहे. बरोबर मास्तर आले होते, मला एकट्याला त्यांनी जाऊ दिलं नाही. दुकानात त्यांनी स्वतः खर्ज दाबून ऐकला. दुकानदार त्यांच्याकडं कसा बघत होता ते लिहीत नाही. हलका आहे. कोणाच्या कानाला लागलेला नाही, वास नव्या प्लॅस्टिकचा येतो.

पिन तपासली. मागच्यासारखं नाही. कमलबाईंना हेडफोन लावून बसवलं, कळ पार वर नेली आणि म्हणालो, दोन्ही हातांनी बडवा. त्यांनी लाजत लाजत बडवलं. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. गिरणीचा पट्टा आणि शेरडं, दुसरं काही नाही. खिडकीशी आलो. तरी काही नाही. दारात आलो तेव्हा फक्त बोटांची टकटक, ज्वारी निवडताना खडा ताटात टाकावा तशी. कमलबाई आतून ओरडायला लागल्या, “ऐकू आलं का वं?” मी म्हणालो, न्हाई. त्यांना तेही ऐकू गेलं नाही.

मी संध्याकाळच्या गाडीनं जातोय. पाथरीला लग्न आहे, उकिरड्याच्या बाजूला जेवायचं. माझ्या पत्राला उत्तर नको. नवं काही मागायचं असलं तर माझ्याकडं मागू नको, मास्तरांना लिही.

लेकरं सुकडी खाऊन घरी गेली की कमलबाई दार नुसतं लोटून घेतात. हेडफोनची पिन मी पूर्ण आत बसवून ठेवलीय. ती आत ठेवायची की काढायची, ते तुझं तू बघ. काढावीशी वाटलीच, तर तार धरून ओढू नको. पिन धरून ओढ.

बन्सी